सोडायला शिकवणाऱ्या पेशी

९ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे डब्यांच्या मागे खुपसशील, याची मला खात्री आहे. पण फोन तू उचलत नाहीस, त्यामुळे कागदाशिवाय माझ्याकडे इलाज उरलेला नाही. फोडलंच असशील तर एवढं वाच आणि मग खुपस: ठमीला मुलगा झाला. शुक्रवारी. वजन चांगलं आहे, रंग तुझा, आणि कपाळावर तुझीच ती आठी, जन्मतःच. तू आजी झालीस. रागवायचं असेल तर त्याच्यावर रागव, त्यानं तुझी परवानगी घेतलेली नाही.

दुसरी गोष्ट लिहायला हात जड झालाय. बाळानं अजून शी केलेली नाही. नवं बाळ एका दिवसात काळपट, चिकट अशी पहिली शी करतं. यानं केली नाही. पोट फुगून टणक झालंय, काल हिरवी उलटी झाली. नाकातून नळी घातली आहे. दूध बंद आहे. काचेच्या पेटीत निजलाय आणि भुकेनं स्वतःची मूठ चोखतो.

माझ्याच हॉस्पिटलात आहे, तेवढा एक आधार. नाहीतर या दिवसांत मला कोणाच्या पुढेमागे करायची ताकद नाही. आमच्या विभागातली अर्धी माणसं सोडून गेली, त्यांच्या तपासणीच्या काचाही माझ्याच पुढ्यात येतात, आणि दिवसभर सूक्ष्मदर्शकाशी वाकून मान अशी आखडते की कोणी हाक मारली तर सगळं अंग वळवावं लागतं. निवृत्तीला फार काळ राहिलेला नाही. तोवर निभावलं म्हणजे मिळवली.

तू ज्याला पिपाणीवाला म्हणतेस, तो ठमीचा नवरा काचेबाहेर उभा असतो. संध्याकाळी हॉटेलात ट्रम्पेट वाजवायला जातो, तिथून थेट इथे. त्यांच्या लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून मी सही केली, तेव्हापासून ठमीबरोबर मीही तुझ्या हजेरीपटावर गैरहजर. असो. तो वाद आज नको.

ठमी रोज तुझी आठवण काढते. येऊन जा.

तुझं,
शेंडेफळ

१३ फेब्रुवारी

ताई,

भाऊजींचा फोन आला होता. वाण्याच्या दुकानातून बोलत होते, घरातून बोलायची छाती नाही म्हणाले. म्हणे तू माझं पत्र ओट्याशी उभी राहून वाचलंस आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलंस. म्हणजे मागे नाही, खाली. एवढ्यानंही मला बरं वाटलं, यावरून माझी अवस्था ओळख.

बाळाच्या आतड्याचा, अगदी खालच्या टोकाशी, तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून आमच्या विभागात पाठवला होता. त्याच्यात चेतापेशी आहेत का, एवढाच प्रश्न होता. घरच्या माणसाची काच आपण बघायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो मीच केला होता, दुसऱ्यांसाठी. म्हणून काच गोचीडनं बघितली. गोचीड म्हणजे माझ्या हाताखालची डॉक्टर. एकदा काचेला चिकटली की सुटत नाही, म्हणून सगळे तिला तसं म्हणतात आणि तिलाही ते आवडतं. तिनं तो तुकडा वरपासून खालपर्यंत कापून एकूण एक काच बघितली. मी तेवढा वेळ समोरच्या खोलीत कोणा दुसऱ्याच माणसाच्या पित्ताशयाकडे बघत बसले होते. त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही.

पेशी नाहीत.

याचा अर्थ तुला सांगते. शास्त्र शिकवत होतीस, तुला कळेल. आतड्याला स्वतःचं चेतापेशींचं जाळं असतं. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, आणि त्या दोन्हींच्या मधे या पेशींचे छोटे छोटे पुंजके, धाग्यांनी एकमेकांना जोडलेले, घशाखालून थेट शेवटच्या टोकापर्यंत. आतल्या अस्तराखाली तसंच आणखी एक जाळं. पाठीच्या कण्यात जेवढ्या चेतापेशी असतील, त्याच्याहून यांची संख्या कमी नाही. घास गिळेपर्यंत मेंदूचा हुकूम चालतो. पुढे तो घास या जाळ्याच्या ताब्यात जातो. घासाच्या वरच्या बाजूचा स्नायू आवळायचा, खालच्या बाजूचा सैल सोडायचा, म्हणजे घास पुढे सरकतो. हे सगळं त्या पेशी आपापसात ठरवतात. मेंदू सूचना पाठवतो, नाही असं नाही, पण खालून वर जाणारे निरोप वरून येणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. तू आजारपणात रजेवर होतीस आणि तुझ्यावाचून शाळा सुरळीत चालली होती, तसंच हे. तुला ते तेव्हाही आवडलं नव्हतं.

कॉलेजात आम्हाला एक प्रयोग दाखवायचे. आतड्याचा बोटभर तुकडा कोमट खारट पाण्यात टांगायचा आणि पाण्यात हवेचे बुडबुडे सोडायचे. ना डोकं, ना पाठीचा कणा. तरी तो तुकडा आपला आवळतोय, सैल होतोय, आवळतोय. आत एखादा गोळा सरकवला तर तो बरोबर खालच्याच बाजूला ढकलणार. मी धावत घरी येऊन तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, जेवताना असलं बोलू नये.

या पेशी मुळात आतड्यात तयार होत नाहीत. बाळ पोटात असताना त्या मानेजवळून निघतात आणि आतड्याच्या भिंतीतून चालत चालत खाली उतरतात. एखाद्या बाळात त्या शेवटपर्यंत पोचत नाहीत. वाटेत थांबतात. का थांबतात, ते काही घरांत सापडतं, बऱ्याच घरांत सापडत नाही. ठमी विचारते, मी काय खाल्लं, मी काय उचललं, मी जास्त चालले का. मी सांगते की तुझं काही चुकलं नाही. ती मान हलवते आणि थोड्या वेळानं तेच पुन्हा विचारते.

ऑपरेशन करावं लागणार. तोवर नळीनं कोमट खारट पाणी घालून आतडं रोज धुवायचं.

ठमीनं आजही तुझं नाव काढलं.

शेंडेफळ

१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, तरी अक्षर बघून मी उभीच राहिले. शाळेत तू मला शिकवत होतीस तेव्हाची सवय. "फुगलेला भाग कापून टाका आणि मोकळे व्हा. इतका वेळ कशाला?" तीन वर्षांनी एवढंच, पण लिहिलंस. कार्ड मी ठमीला दाखवलं नाही. ते का, ते विचारू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. फुगलेला भाग कापायचा नाही, कारण फुगलेला भाग निरोगी आहे.

ही चूक तू एकटीनंच केलेली नाहीस. पिपाणीवालाही पेटीच्या झरोक्यातून हात घालून बाळाच्या फुगलेल्या पोटावरून बोटं फिरवत होता आणि "इथेच काहीतरी बिघडलंय" म्हणत होता. पूर्वी भले भले डॉक्टर फसले. पोट उघडायचं, फुगलेलं, ताणलेलं आतडं दिसायचं, ते कापायचं, वरखाली जोडायचं. आणि पोर काही दिवसांनी पुन्हा फुगायचं. कारण दोष खालच्या भागात, आणि तो भाग दिसायला अगदी नीटनेटका. बारीक, गुळगुळीत, कुठे वेडंवाकडं काही नाही. फक्त त्यात पेशी नाहीत.

पेशी नसल्या तर स्नायू लुळा पडेल असं आपल्याला वाटतं ना? उलटं आहे. आवळणं स्नायूला उपजतच येतं. सोडणं त्याला येत नाही. "आता सैल हो" हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणाऱ्या पेशीच तिथवर पोचलेल्या नाहीत. म्हणून तो भाग जन्मापासून आवळूनच बसलाय. वरचं आतडं बिचारं ढकलतंय, आणखी जोरानं ढकलतंय, आणि दार उघडत नाही म्हणून फुगत चाललंय. बघणाऱ्याला वाटतं, ह्याचंच काहीतरी बिघडलंय.

हे मी कोणाला उद्देशून लिहिलेलं नाही. लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा मात्र मलाच कसंतरी झालं. पण खोडत नाही. खोडायलाही अंगात त्राण लागतं.

शेंडेफळ

२३ फेब्रुवारी

ताई,

उद्या सकाळी ऑपरेशन.

हे दिवस कसे गेले, विचारू नकोस. बाळाला मधे ताप आला. तुंबलेल्या आतड्यात ताप आला की पोरं हातची जातात. उतरला. आता ठमीच त्याचं आतडं धुते. सिस्टरनं शिकवलं. सुरुवातीला तिच्याकडून निम्मं पाणी सांडायचं, आता एका हातानं पाय धरते, दुसऱ्यानं नळी, पाणी कोमट आहे का ते मनगटावर बघते, आणि घाण पाणी बाहेर आलं की त्याच्याशी बोलते, "शाब्बास माझ्या राजा." तुझी ठमी, जिला ताटातल्या भाजीला भाजी लागलेली चालायची नाही. वजन उतरलंय, डोळ्यांखाली काळं आलंय, केस विंचरायला सांगावं लागतं. तू बघितलं असतंस तर तुझं आतडं तुटलं असतं.

एक सांगायचं आहे. आज सांगितलं नाही तर पुन्हा सांगायचा धीर होणार नाही, आणि मी इतकी दमले आहे की आता बनवून लिहायला काही सुचतही नाही. ठमीनं तुझी आठवण काढलेली नाही. एकदाही. मी ते मनानं लिहीत होते. मी तुला पत्रं लिहिते हेही तिला माहीत नाही. परवा मी नुसता खडा टाकून बघितला, "घरी कळवायचं का?" तर ती बाटली धूत होती, ती धूत राहिली, आणि म्हणाली, "माझं घर इथेच आहे, मावशी." मग बराच वेळ एकच बाटली धूत होती.

म्हणजे तुला कोणी बोलावलेलं नाही. तू आलीस तर ती तोंड फिरवेलही. दार तू लावलंस, ताई. कडी आता दोन्ही बाजूंनी आहे. मला तुझी फसवणूक करून तुला आणायचं होतं. जमलं असतं तर मला त्याचं फार वाईटही वाटलं नसतं. पण उद्या काही कमीजास्त झालं आणि तू खोट्यावर विसंबून आलेली असलीस, तर ते मला सोसणार नाही.

आता तूच ठरव.

शेंडेफळ

२५ फेब्रुवारी

ताई,

ऑपरेशन झालं. बाळ आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

या ऑपरेशनात सर्जन आतड्याचा बारीकसा तुकडा काढून आमच्याकडे पाठवतो, मग त्याच्या वरच्या भागातला, मग त्याच्याही वरचा. आम्ही तो लगेच गोठवून, पातळ चकती कापून, रंगवून बघतो आणि फोनवरून सांगतो, पेशी आहेत की नाहीत. बाळ तिकडे भुलीत असतं. जिथे पेशी पुरेशा सापडतात तिथे तो कापतो, खालचा निकामी भाग टाकतो आणि वरचं चालतं आतडं ओढून खाली जोडतो. कुठे कापायचं हे त्याची सुरी ठरवत नाही, आमचा डोळा ठरवतो.

नियमाप्रमाणे मी बाहेर बाकावर. काचा गोचीडकडे. पहिल्या तुकड्यात पेशी नाहीत. दुसऱ्यात नाहीत. तिसऱ्यात आहेत, असं ती फोनवर म्हणाली, आणि माझे खांदे एकदम खाली आले. मग सर्जननं त्याच उंचीवरून आतड्याचं पूर्ण कडं कापून पाठवलं, कारण एका बाजूला पेशी असल्या तरी दुसऱ्या बाजूला नसू शकतात. ते बघता बघता गोचीड उठून दारात आली.

"मॅडम, बघता का जरा?"

"मी नाही बघायचं. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. पण दुसरे डोळे लागतात, तोही तुमचाच नियम आहे. आणि आज दुसरं कोणी हजर नाही. माझा विश्वास बसत नाहीये माझ्यावर."

गेले. बसले. ताई, तीस वर्षं मी हे काम करते, पण काच नीट दिसायला मला कधी दोनदा भिंग फिरवावं लागलं नव्हतं. कड्याच्या एका अंगाला पेशी होत्या. छोट्या, कोवळ्या, नव्या बाळाच्या असतात तशा, पण होत्या. दुसऱ्या अंगाला जाडजूड मज्जातंतू, पेशी नसल्या की दिसतात तसे, आणि त्यांच्याशेजारी एकच पेशी. एकच, आणि तीही पेशी म्हणता येईल का असा प्रश्न. रक्तवाहिनीच्या अस्तरातली एखादी फुगीर पेशी अगदी तशीच दिसते. आमच्या धंद्यातली ही नेहमीची चूक: ज्याला ती बघायची असते, त्याला ती दिसते. आणि मला ती बघायची होती. "आहे" म्हटलं की संपलं. बाळ लवकर भुलीतून बाहेर, आतडं जास्त कापावं लागत नाही, ठमीला जाऊन सांगता येतं. मी काच हलवून हलवून तिला पेशी करू पाहत होते.

फोन वाजला. सर्जन म्हणाला, "मॅडम, सांगा. इथे जोडू?"

मी गोचीडकडे बघितलं. 

"नको," मी म्हटलं. "अर्ध्या कड्याला पेशी आहेत, अर्ध्याला नाहीत. वर जा."

"किती वर?"

"सगळ्या बाजूंनी सापडेपर्यंत."

"आधीच बराच वर आलोय," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. जितकं वर जावं तितकं चांगलं आतडंही जातं, आणि एवढ्याशा जिवाचा भुलीतला वेळ वाढतो. मग म्हणाला, "ठीक." पुढचं कडं आलं, आणि त्यात सगळ्या बाजूंनी पेशींचे पुंजके, दाटीवाटीनं, लग्नाच्या फोटोत माणसं बसतात तसे. मी गोचीडला म्हटलं, आता तू सांग फोनवर.

ठमीला सांगितलं तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभ्या उभ्या झोपल्यासारखी झाली. पिपाणीवाला भिंतीकडे तोंड करून उभा होता. आता फक्त आतडं चालायची वाट.

शेंडेफळ

२८ फेब्रुवारी

ताई,

चाललेलं नाही.

ऑपरेशननंतर आतडं रुसतं, हे आम्हाला माहीत असतं. हाताळलं, कापलं, जोडलं, की काही काळ ते गप्प बसतं. मग आपणहून जागं होतं. त्याला बाहेरून कोणी उठवू शकत नाही. सर्जन येतो, पोटाला स्टेथोस्कोप लावतो, डोळे मिटून ऐकतो, आणि आमच्याकडे न बघता म्हणतो, "बघू." एरवी गुडगुड ऐकू आली असती. आज त्यानं जरा जास्तच वेळ ऐकलं. पोट पुन्हा थोडं तटतटलंय. दोन दिवस आणखी वाट बघायची, नाहीतर पुन्हा उघडावं लागेल म्हणाला. पुन्हा उघडणं बाळाच्या अंगाला सोसेल का, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

आणि माझ्या डोक्यात दिवसभर ते कडं. शेवटचं. मी खरंच सगळ्या बाजूंनी बघितलं होतं का, की दमून "आहे" म्हटलं? काल जेवणाच्या सुट्टीत कपाटातून काच काढून पुन्हा बघितली. आहेत. आज पुन्हा बघितली. आहेत. गोचीडनं माझ्या हातातून काच काढून घेतली आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "उद्या कमी होणार नाहीत त्या," म्हणाली.

पेशी आहेत, पण चालवत नाहीत. त्यांच्याशी बोलायची सोय नाही. मेंदूचं त्या ऐकत नाहीत, माझं काय ऐकणार.

भाऊजींचा फोन नाही. तूही गप्प. तेविसाव्या तारखेच्या पत्रानं तुला माझा राग आला असेल तर येऊ दे. मला आता सगळ्यांचाच थोडा थोडा येतो आहे, माझ्यासकट. घरी गेले की चपला काढून तशीच खुर्चीत बसते. नळ गळतो, तो बंद करायला उठवत नाही.

शेंडेफळ

२ मार्च, सकाळ

ताई,

तू माझ्या पलंगावर झोपली आहेस, आणि मला कामावर निघायचं आहे. उठवत नाही. किती वर्षांनी तुला झोपलेलं बघितलं. झोपेतही आठी आहेच. म्हणून ही चिठ्ठी टेबलावर.

काल तू वॉर्डाच्या दारात उभी राहिलीस तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. इस्त्रीचे कपडे, हातात पिशवी, पाठीमागे भाऊजी, आणि चेहरा असा की शाळा तपासायला आली आहेस. मला वाटलं, आता ही सिस्टरला रांगेत उभं करणार. तू दारातच चपला काढल्यास. ठमी खाटेच्या कडेला बसली होती. तिनं तुला बघितलं आणि बाळाच्या दुपट्याची घडी घालायला घेतली. घातली, मोडली, पुन्हा घातली. पिपाणीवाला उठून उभा राहिला आणि त्यानं स्वतःची खुर्ची तुझ्यापुढे सरकवली, आणि तू बसलीस. तीन वर्षांत ह्या घरात एवढं मोठं काही घडलेलं नाही, आणि घडलं ते एका प्लास्टिकच्या खुर्चीवर.

सिस्टर घाईत होती. तिला काय माहीत. "आजी का? धरा जरा, चादर बदलते," म्हणून तिनं नळ्यांसकट बाळ तुझ्या मांडीवर ठेवलं. तू त्याला असं धरलंस की जणू काचेचं भांडं आणि तेही दुसऱ्याचं. तो कण्हला. मग लाल झाला. कपाळावरची आठी आणखी गोळा झाली, पाय पोटाशी आले, आणि मला एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतरही त्याक्षणी काय चाललंय ते कळलं नाही. कळलं तेव्हा ते तुझ्या मांडीवरून, इस्त्रीच्या कपड्यांवरून, थेट खुर्चीखाली ओघळत होतं.

सिस्टर ओरडली, "झाली, झाली." समोरच्या खाटेवरची बाई उठून बसली. भाऊजी टाळी वाजवायला गेले आणि मधेच थांबले.  त्या पेशी होत्या, ताई. माझा डोळा चुकला नव्हता. त्या जाग्या झाल्या आणि त्यांनी त्या एवढ्याशा आतड्याला सांगितलं, सैल हो, आणि ते झालं.

ठमी धावली ती बाळ घ्यायला. हात पुढे करून म्हणाली, "आई, दे इकडे. तुझे कपडे खराब झाले."

आणि तू, जी शाळेत पोरांचे शाईचे हात बघून दोन पावलं मागे सरायचीस, तू त्याला आणखी जवळ घेतलंस आणि म्हणालीस, "राहू दे."

नंतर तुम्ही दोघी मोरीत त्याला धूत होतात तेव्हा मी आत आले नाही. काय बोललात मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही. नुसता पाण्याचा आवाज येत होता. बाहेर आलात तेव्हा दोघींचीही नाकं लाल होती. एवढ्यानं सगळं मिटलं असं मी म्हणत नाही. तुम्ही दोघी एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा आहात, पुन्हा भांडाल.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी, म्हणून हा सगळा प्रपंच. काल तू भाऊजींबरोबर खाली गेलीस तेव्हा ठमीनं मला कोपऱ्यात घेतलं. "आईला तू पत्रं लिहीत होतीस ना?" मी हो म्हटलं. "काय लिहिलंस?" मी फक्त सुरुवातीचं तेवढं सांगितलं: लिहिलं, की तू रोज तिची आठवण काढतेस. मला वाटलं, आता ही माझ्यावर भडकणार. ती कितीतरी वेळ बाळाच्या पोटाकडे बघत राहिली. पोट खाली गेलंय, मऊ पडलंय. मग हळूच म्हणाली, "मावशी, मी काढली नव्हती हे तिला सांगू नकोस. तिला वाटू दे मी बोलावलं म्हणून आली."

मी बरं म्हटलं. तू कोणी बोलावलेलं नसताना आलीस, हे मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. खरं काय ते मी तुला आधीच कळवलं होतं, हे तिला मी सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. तुला यातलं काही ठाऊक नाही, एवढं लक्षात ठेव. ही चिठ्ठी वाचून फाडून टाक; पिठाच्या डब्याखाली ठेवायची नाही.

चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे. नळाचं काही करता येतं का ते भाऊजींना बघायला सांग. तुझे कपडे धुऊन गच्चीत वाळत घातलेत. डाग पूर्ण गेलेला नाही. मीही फार घासला नाही.

तुझं,
शेंडेफळ